हर्षल: हर्षाचा नव्हे, शिंगाचा

चाळीसगावच्या एका वाचकांनी विचारलं आहे: मुलाचं नाव हर्षल ठेवायचं ठरतंय. आत्याला नाव पसंत आहे, पण आजोबा म्हणतात की हे ग्रहाचं, म्हणजे युरेनसचं नाव, आणि ग्रह तरी कसला, उपद्रवी. त्यात पुतण्याने हिंदी वाहिनीवर ऐकून सांगितलं की त्या ग्रहाचं खरं नाव अरुण. तर हर्षल हा शब्द संस्कृत की परका, आणि ग्रहाला मराठीत म्हणायचं काय?

आधी ते अरुण प्रकरण निकालात काढू, कारण ते ऐकून ऐकून कान किटले आहेत. बऱ्हाणपूरच्या वाऱ्याबरोबर हिंदी आपल्याकडे येते याचं मला दुःख नाही. पण हिंदी पारिभाषिक शब्द मराठी म्हणून शाळेच्या तक्त्यावर चढतो तेव्हा राहवत नाही. अरुण म्हणजे पहाटेची लाली. अरुण म्हणजे सूर्याचा सारथी, रथात त्याच्या अगदी पुढ्यात बसणारा. आणि हे नाव कोणाला? सूर्यापासून सरासरी २८७ कोटी किलोमीटरवर फिरणाऱ्याला! इतक्या लांब बसलेला सारथी लगाम कसा धरणार? लाली म्हणावी तर तीही नाही. मिथेन वायू तांबडा प्रकाश गिळतो, म्हणून हा ग्रह निळसर हिरवा दिसतो. युरेनसशी थोडा उच्चार जुळला आणि नेपच्यूनला हिंदीत दिलेल्या वरुण या नावाशी यमक जुळलं, यापलीकडे या नावात मला काही दिसत नाही.

युरेनस हा मूळचा ग्रीक उरानोस आणि उरानोस म्हणजेच आपला वैदिक वरुण, असं सांगणारे विद्वान एकोणिसाव्या शतकात पुष्कळ झाले. आजही त्यांचा हवाला छातीठोकपणे दिला जातो. तो आता सोडावा. हल्लीचे बहुतेक व्युत्पत्तिकार उरानोसचा संबंध वर्षा, वर्ष यांच्या धातूशी लावतात. म्हणजे आभाळ हे पाऊस पाडणारं. शिवाय २००० साली नेपच्यूनपलीकडे एक गोल सापडला, त्याला जागतिक नामावलीत वरुण हेच नाव मिळालं आहे. त्यामुळे नेपच्यूनलाही वरुण म्हणत राहिलात तर घोटाळा तुमचा तुम्ही निस्तरा. युरेनसला मराठीत प्रजापती असाही पर्याय होता. अर्थाने तो अरुणपेक्षा शंभरपट बरा, पण लोकांच्या तोंडी रुळला नाही.

रुळला तो हर्षल. आता खऱ्या मजेकडे येऊ.

विल्यम हर्शेल हा हॅनोव्हरहून इंग्लंडला गेलेला वादक, बाथ गावातल्या चॅपलमध्ये ऑर्गन वाजवणारा. दुर्बिणीचे आरसे तो स्वतः घासायचा. १३ मार्च १७८१ च्या रात्री त्याला एक ठिपका दिसला. तो ताऱ्यासारखा टोकदार नव्हता, तबकडीसारखा होता. त्याला वाटलं धूमकेतू असेल. इतरांनी कक्षा मांडली तेव्हा कळलं की हा तर ग्रह, शनीच्या दुप्पट अंतरावरचा. हर्शेलने राजा तिसऱ्या जॉर्जच्या नावाने त्याचं बारसं केलं. फ्रेंचांना ते कसं पचणार? लालांद या फ्रेंच ज्योतिर्विदाने शोधकाचंच नाव पुढे केलं. बर्लिनच्या बोडेने युरेनस सुचवलं. इंग्रजांचं नाविक पंचांग तर १८५० पर्यंत जॉर्जलाच धरून बसलं होतं. शेवटी बोडे जिंकला. पण ग्रहाच्या एका चिन्हात हर्शेलच्या नावाचं रोमन आद्याक्षर अजून आहे, आणि आपल्या कुंडलीच्या घरात 'ह'. जगाने टाकून दिलेलं लालांदचं नाव मराठी जोतिष्यांनी जपून ठेवलं. यासाठी तरी त्यांना एक नमस्कार.

तर हर्शेल म्हणजे काय? जर्मन हिर्श म्हणजे शिंगाळं हरिण, त्याला लाडाचा 'ल'. हरणुल्या म्हणा. आणि हिर्श ज्या मुळातून आला त्याचा अर्थ शिंग. तिकडचा 'ह' आणि आपला 'श' यांची जोडी जुनी आहे: जर्मन हुंडर्ट आणि आपलं शत पाहा. त्याच रीतीने तिकडे हिर्श, इकडे शृंग. इंग्रजी हॉर्न त्याच घरातलं. म्हणजे धुळ्याच्या स्टँडवर एसटी वाजवते तो हॉर्न, बैलाच्या पोळ्याला रंगवतो ते शिंग, उपासाचा शिंगाडा आणि आकाशातला हर्षल हे सगळे एका गोत्राचे. हर्ष त्या गोत्रात बसत नाही. हर्ष हृष् धातूचा, त्याचा मूळ अर्थ अंगावर काटा उभा राहणं. रोमहर्ष शब्दात तो अजून जिवंत आहे आणि इंग्रजी हॉरर त्याचाच भाऊबंद.

बाळांच्या नावांची पुस्तकं मात्र 'हर्षल: आनंदी' असं लिहून मोकळी होतात. कोणी म्हणेल, मांसल, वत्सल होतात तसा हर्षल होईल की. होईल, व्याकरण आडवं येणार नाही. पण नियमात बसतो म्हणून शब्द वापरात होता असं सिद्ध होत नाही. माझं मत असं, की नाव पंचांगातून घरात आलं आणि अर्थ मागून चिकटवला. पुरावा खुद्द अक्षरात आहे. मार्शल आपण कसा लिहितो? शहामृगाच्या 'श'ने. मग त्याच ध्वनीचा हर्शल आपण षटकोनाच्या 'ष'ने का लिहितो? कारण लिहिणाऱ्याच्या मनात हर्ष होता. परक्या शब्दाला कोणीतरी मराठी टोपी घातली आणि टोपीचं टोक वर दिसत राहिलं. 'र'नंतर 'ष' स्वाभाविकच येतो, असं यावर मला ऐकवलं गेलं आहे. मग मार्शलने काय घोडं मारलं होतं?

आणि आता जे सांगतो त्यासाठीच खरं तर एवढं लिहायला बसलो. संस्कृत कोश उघडा, हर्षुल शब्द काढा. अर्थ एक, आनंदी. अर्थ दोन, हरिण! जर्मनीतला हरणुल्या भारतात आला आणि त्याला नेमका हरणाच्याच शेजारचा शब्द भेटला. नातं नाही, हे पुन्हा बजावतो. तिकडचं हरिण शिंगावरून, इकडचं हर्षावरून. निव्वळ योगायोग. पण असा योगायोग दुसरा दाखवा.

या योगायोगावर लगेच कोणीतरी 'आपल्या ऋषींना ठाऊक होतं' हा मजकूर फिरवेल, म्हणून आताच सांगून ठेवतो. महाभारतातल्या 'श्वेत' ग्रहाला हर्षल ठरवणारे आपल्यात झाले आहेत, आणि आपल्या भागात तर चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या अभिमानापोटी भास्कराचार्यांच्याही खात्यावर तो जमा केला जातो. पाटणच्या शिलालेखाचा मलाही अभिमान आहे. १२०७ साली भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, याची ती दगडावरची नोंद. पण भास्कराचार्यांच्या ११५० च्या सिद्धांतशिरोमणी ग्रंथात ग्रह सूर्य-चंद्रासकट सातच, आणि राहू-केतू हे पात, म्हणजे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते ते दोन बिंदू. आठवा नाही. नुसतं दिसणं वेगळं, ओळखणं वेगळं. तोरणमाळच्या काळ्याकुट्ट रात्री तीक्ष्ण डोळ्यांना हर्षल जेमतेम दिसू शकतो. १६९० मध्ये इंग्लंडच्या फ्लॅमस्टीडने तर तो पाहून यादीतही घातला, पण वृषभेतला एक तारा म्हणून! भास्कराचार्यांचं मोठेपण न सापडलेल्या ग्रहावर अवलंबून नाही.

उपद्रवाचं म्हणाल, तर तो माझा प्रांत नव्हे. ग्रह जरा वेगळा आहे एवढं खरं. त्याचा आस ९८ अंशांनी कललेला, म्हणजे गडी आडवा पडून सूर्याभोवती लोळत जातो. एका फेरीला ८४ वर्षं. एकेका ध्रुवावर सुमारे बेचाळीस वर्षं सलग उजेड आणि तितकाच काळोख. त्याला 'बर्फाचा गोळा' म्हणतात तेही चूक. तिथलं 'बर्फ' म्हणजे पाणी, अमोनिया, मिथेन यांचं प्रचंड दाबाखालचं तप्त, दाट द्रव. हिमगोल म्हणू नका, बर्फाळ महाग्रह म्हणा, तेही नाइलाज म्हणून. १० मार्च १९७७ ला तो एका ताऱ्यासमोरून गेला तेव्हा त्याच्याभोवतीची कडी उघडकीला आली. तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेतून भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी यांनीही तो प्रसंग टिपला होता. हे शाळेत कोणी शिकवत नाही.

तर नाव खुशाल ठेवा. ग्रहाला युरेनस म्हणा किंवा हर्षल, दोन्ही मराठी. अरुण तेवढं नको. आजोबांना शिंगाडा आठवून द्या. आणि जन्मदाखल्यावर षटकोनाचाच 'ष' लिहा. मार्शलच्या न्यायाने 'श' बरोबर ठरतो, पण तो लिहिलात तर पुढे दहावीच्या फॉर्मपासून आधारकार्डापर्यंत पोरगं दुरुस्त्या करत बसेल.