‘योग्य’, पण कशाला?

प्रश्न : ‘अ‍ॅप्रोप्रिएट’ या शब्दाचा नेमका अर्थ काय? शब्दकोशात ‘योग्य, उचित’ असं दिलंय आणि त्याच शब्दाखाली ‘बळकावणे’ असंही आहे. शिवाय ‘सूटेबल’, ‘एलिजिबल’, ‘फिट’, ‘अ‍ॅप्ट’ या सगळ्यांपुढे पुन्हा ‘योग्य’च. भाषांतराची परीक्षा देते आहे. कुठे काय वापरायचं? आणि यांच्यापुढे ‘टू’ येतं की ‘फॉर’?

उत्तर : तुमचा प्रश्न वाचला आणि माझ्या हातून गेलेलं एक जुनं पत्र आठवलं. तेव्हा मी एका कार्यालयात इंग्रजी पत्रांचं मराठी करत होते. मुलाखत दिलेल्या एका बाईंना कळवायचं होतं की निवड समितीला त्या बाई संबंधित पदासाठी ‘सूटेबल’ वाटल्या नाहीत. मी लिहिलं, ‘आपण सदर पदासाठी अपात्र ठरला आहात.’ आठवड्याभरात त्या पत्र घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. जाहिरात, पदवीचं प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला असं एकेक कागद समोर ठेवत त्यांनी विचारलं, ‘‘यातली कुठली अट माझी पुरी होत नाही, तेवढं सांगा.’’ एकही नव्हती. त्या पूर्ण पात्र होत्या, म्हणूनच तर मुलाखतीला बोलावलं होतं. चूक माझ्या एका शब्दाची होती आणि तो शब्द त्यांच्या जिव्हारी लागला होता. दुसरं पत्र गेलं, ‘आपली निवड होऊ शकली नाही’ एवढंच लिहून. पण पहिलं त्यांनी वाचलं होतं ते वाचलंच.

तेव्हापासून ‘योग्य’ लिहिण्याआधी मी थांबते आणि विचारते : कशाला योग्य? नियमाला असेल तर ‘एलिजिबल’, म्हणजे पात्र. वय, शिक्षण, मुदत यांवर टिकमार्क करून ठरवता येतं ते. कामाला, गरजेला किंवा माणसाला सोयीचं असेल तर ‘सूटेबल’ : अनुरूप, सोयीचं, साजेसं. इथे कुणाची तरी पारख असते, मत असतं. म्हणून पात्र उमेदवार पदाला अनुरूप वाटला नाही, असं होऊ शकतं.

आता तुमचा मुख्य शब्द. ‘अ‍ॅप्रोप्रिएट’च्या पोटात लॅटिनमधला ‘प्रोप्रिअस’ आहे. त्याचा अर्थ ‘स्वतःचा’. ‘प्रॉपर’, ‘प्रॉपर्टी’, ‘प्रोप्रायटर’ ही सगळी त्याचीच भावकी. एकदा हे कळलं की शब्दकोशातलं कोडं सुटतं. क्रियापद म्हणून अर्थ होतो ‘आपलं करून घेणे’. परवानगीशिवाय केलं तर ते बळकावणं. एखाद्या कामासाठी रक्कम वेगळी काढून ती त्या कामाचीच केली, तर ते विनियोजन. ‘विनियोजन विधेयक’ हा शब्द तिथूनच येतो. आणि विशेषण म्हणून : त्या प्रसंगाचं स्वतःचं असावं, इतकं त्याला लागू पडणारं. म्हणजेच उचित, प्रसंगोचित, समयोचित. उच्चारही वेगळे आहेत बरं का. क्रियापदाचा शेवट ‘एट’ असा स्पष्ट होतो, विशेषणाचा ‘अट’सारखा आखूड. मोठ्याने वाचताना पुष्कळजण इथे घसरतात.

मला याहून मोठा आनंद झाला तो संस्कृतात हाच विचार सापडला तेव्हा. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या क्षेमेंद्र या कवीने औचित्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो म्हणतो, ‘सदृशं किल यस्य यत्’, ज्याला जे साजेसं ते उचित. मग दाखला देतो : कमरपट्टा गळ्यात, हार कमरेला, नूपुर हातात आणि बाजूबंद पायात घातले, तर कोण हसणार नाही? दागिने सगळे अस्सल आहेत. जागा चुकली आहे. ‘अ‍ॅप्रोप्रिएट’चं इतकं नेमकं स्पष्टीकरण मी कुठल्या इंग्रजी कोशात वाचलेलं नाही. सभागृहात उपस्थित करतात तो ‘औचित्याचा मुद्दा’ही याच अर्थाचा. एखादी गोष्ट इथे, आत्ता शोभते का, हे पाहायचं.

‘फिट’बद्दल मात्र जपून. कपडा मापाचा बसणं, यंत्राचा भाग चपखल बसणं, पाणी पिण्याजोगं असणं हे सगळं ‘फिट’. (आपला ‘-जोगा’ हा ‘योग्य’चाच घासून गुळगुळीत झालेला भाऊ.) पण व्यायामामुळे ‘फिट’ म्हणजे धट्टाकट्टा एवढंच डोक्यात बसलंय, आणि त्यातून एक मोठा घोटाळा झाला आहे. ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हे शब्द इंग्रज विचारवंत हर्बर्ट स्पेन्सरने 1864 मध्ये वापरले. डार्विनने ते उत्क्रांतीवरच्या आपल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथाच्या 1869 च्या आवृत्तीत घेतले. मराठीत त्याचं सर्रास ‘बळी तो कान पिळी’ केलं जातं. ते चूक आहे. इथे ‘फिटेस्ट’ म्हणजे परिस्थितीशी सर्वांत जुळणारा. अन्न तुटपुंजं असेल तेव्हा भलंमोठं अंग हेच ओझं होतं आणि लहानखुरा जीव तगतो. परीक्षेत हे वाक्य आलं तर ‘बलवान’ हा शब्द कृपा करून लिहू नका.

‘अ‍ॅप्ट’ बहुधा बोलण्या-लिहिण्याला लागतो : समर्पक उत्तर, चपखल उपमा. त्यापुढे ‘टू’ आणि क्रियापद आलं की अर्थ बदलतो. लोखंड गंजायला ‘अ‍ॅप्ट’ असतं म्हणजे ते सहज गंजतं. तिथे योग्य-अयोग्याचा संबंधच नाही.

आणखी एक, तुम्ही विचारलं नसलं तरी. ‘इनअ‍ॅप्रोप्रिएट बिहेव्हिअर’चं भाषांतर ‘अयोग्य वर्तन’ करून मोकळं होऊ नका. इंग्रजीत हा सौम्य शब्द पुष्कळदा गंभीर गोष्ट झाकतो. समारंभात भलता विनोद केला असेल तर ‘अप्रस्तुत’ चालेल. कुणी कुणाची छेड काढली असेल, तर मराठीत ते गैरवर्तन आहे आणि तसंच लिहिलं पाहिजे. मजकूर पुढे-मागे वाचल्याशिवाय हे ठरवता येत नाही.

राहिलं ‘टू’ की ‘फॉर’. ‘अ‍ॅप्रोप्रिएट’पुढे दोन्ही चालतात. ‘सूटेबल’पुढे ‘फॉर’ लावा. ‘एलिजिबल’पुढे नाम असेल तर ‘फॉर’, क्रियापद असेल तर ‘टू’. ‘अ‍ॅप्रोप्रिएट अ‍ॅक्शन’ला ‘योग्य ती कार्यवाही’ हे रुळलेलं आहे, तिथे उगाच ‘उचित’ करत बसू नका.