दायाक विधी आणि ख्रिस्ती श्रद्धा: नव्या अभ्यासकासाठी

दायाक हे बोर्निओ बेटावरच्या अनेक मूळ समाजांचं एकत्रित नाव आहे, म्हणून ‘दायाक धर्म’ असं सरसकट लिहू नकोस. मलेशियाच्या सारावाकमधले इबान वेगळे, इंडोनेशियाच्या मध्य कालिमंतानमधले न्गाजू वेगळे. एकच समाज निवड.

न्गाजूंचा तिवाह हा मृत्यूनंतरचा विधी घे. पुरलेल्या माणसाची हाडं काही वर्षांनी उकरतात, स्वच्छ करतात आणि सांदुंग नावाच्या छोट्या कोरीव घरात ठेवतात. हे झाल्याशिवाय आत्मा पितरांच्या गावी पोचत नाही, अशी काहारिंगान, म्हणजे न्गाजूंच्या पारंपरिक धर्माची, श्रद्धा आहे. आता घरातला एक भाऊ ख्रिस्ती असेल तर? त्याच्या मते आईचा आत्मा देवाच्या हाती आहेच, पण भावकीचं ऋण तर उरतंच. मग तो पैसे देतो, पाहुण्यांना जेवू घालतो, पण जनावराचा बळी देताना बाजूला राहतो का? हे त्यालाच विचार. पाळकाचं मत नंतर घे.

इबानांच्या गावाई या सुगीच्या सणात, १ जूनला, भात, अंडी, लाह्या आणि तुआक ही तांदळाची दारू ताटलीत मांडून देवांना नि पितरांना अर्पण करतात. काही ख्रिस्ती घरांत तिथे आता प्रार्थना होते. मला यात निव्वळ तडजोड दिसत नाही. सुगीबद्दलची कृतज्ञता खरीच असते.

आणखी एक, हे आपल्याकडच्या वाचकांसाठी मुद्दाम: १९८० मध्ये इंडोनेशियात काहारिंगानला हिंदू धर्माच्या छत्राखाली सरकारी मान्यता मिळाली. पण तेवढ्यावरून तिवाहमध्ये आपलं श्राद्ध शोधत बसू नकोस. आधी तिथल्या बासिरांचं, म्हणजे विधी करणाऱ्यांचं, म्हणणं शांतपणे ऐक.