शंकासमाधान : लूपर (वाजवलेलं भरून घेऊन पुन्हापुन्हा ऐकवणारं पेडल) लावून गिटार सोलोचा सराव

प्रश्न : दोन कॉर्डचा लूप भरतो, पण दर फेरीला तो शेवटी अडखळतो. वर ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लावला की सगळा काला होतो. (कोल्हापूर)

उत्तर : अडखळणं हा पायाचा दोष. चार बारच्या (एक बार म्हणजे चार मात्रा) लूपमध्ये सोळावी मात्रा वाजताच पेडल दाबलं, तर लूप एका मात्रेने तोकडा पडतो. दाबायचं पुढच्या समेवर, सतराव्या मात्रेला. मेट्रोनोम ८० वर (मिनिटाला ८० मात्रा) असेल तर फेरी बरोबर १२ सेकंदांची हवी. घड्याळ लावून बघा. टाच जमिनीवर टेकलेली आणि चवडा आधीपासून उचललेला ठेवा. काही पेडल दुसऱ्यांदा दाबल्यावर थेट ओव्हरडबमध्ये (भरलेल्या लूपवर आणखी भरणं) जातात. तसं असेल तर त्या समेला हात तारांवर ठेवून त्या गप्प करा, नाहीतर पहिला कॉर्ड दुहेरी भरला जातो.

काल्याचं कारण जोडणीत आहे. गिटार, मग ओव्हरड्राइव्ह पेडल, मग लूपर, मग क्लीन (डिस्टॉर्शन नसलेल्या) चॅनलवरचा अँप असा क्रम लावा. ओव्हरड्राइव्ह बंद ठेवून, गिटारचा व्हॉल्यूम ६-७ वर घेऊन लूप भरा. सोलोला ओव्हरड्राइव्ह चालू करा आणि व्हॉल्यूम वाढवा. अँपचंच डिस्टॉर्शन वापरायचं असेल तर लूपर अँपच्या सेंड-रिटर्नमध्ये (अँपच्या गेननंतर येणारी इफेक्टची जोडणी) जोडा आणि लूप क्लीन चॅनलवर भरा. लूपर अशा डिस्टॉर्शनवरच्या अँपच्या आधी असला की लूप आणि सोलो एकाच गेनमधून भरडले जातात.

प्रश्न : पाचव्या फ्रेटवरची ए मायनर पेंटॅटॉनिक (पाच सुरांची स्केल) पाठ आहे. पाच मिनिटांत तेच तेच वाजू लागतं. (नाशिक)

उत्तर : ए हा सा धरला तर हे धानी रागाचेच स्वर. चुकीचा सूर लागत नाही, म्हणूनच कॉर्ड बदलल्याची दखल हात घेत नाही. दोन बार एएम७ (ए मायनर सेव्हन्थ), दोन बार डी७ असा लूप भरा. पहिल्या दहा फेऱ्या, म्हणजे दोनच मिनिटं, फक्त दोन सूर: एएम७ वर चौथ्या तारेचा पाचवा फ्रेट (जी), डी७ च्या समेला चौथा फ्रेट (एफ शार्प). एवढ्या अर्ध्या सुरात कॉर्ड बदललेला ऐकू येतो. हा एफ शार्प म्हणजे शुद्ध धैवत. तो आला की आपण काफी थाटात आलो. मग पेंटॅटॉनिक वाजवा, पण दर डी७ ला या सुरावर उतरा. प्रत्येक फेरीचा पहिला बार मोकळा सोडा. हे सगळ्यात अवघड जातं.

प्रश्न : याच लूपवर टॅपिंग (उजव्या हाताचं बोट तारेवर आपटून सूर काढणं) जमेल का? माझ्या मोकळ्या तारा फार वाजतात. (ठाणे)

उत्तर : जमेल. दुसऱ्या तारेवर एएम७ ला ५-८-१२ हे फ्रेट, डी७ ला ७-१०-१३; शेवटचा फ्रेट उजव्या हाताने टॅप करायचा. टॅप केलेलं बोट सरळ वर उचलू नका, तार किंचित खाली ओढून सोडा, नाहीतर पुढचा सूर विझतो. जाड तारांवर उजव्या तळव्याची कड टेकवा. पहिली तार डाव्या तर्जनीच्या खालच्या भागाने हलकी दाबून ठेवा. सुरुवात ६० वर, एका मात्रेत तीन सूर.