४० ग्रॅमचा रुग्ण

दादर, मुंबई

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. तुझ्या बुटक्या जातीच्या हॅमस्टरच्या पाठीचा कणा बोटांना टोचू लागला आहे, बाटलीतले पाणी एका रात्रीत बोटभर उतरते, भुशाचा कोपरा सकाळी ओला असतो आणि तरीही वाटी रोज रिकामी होते, असे तू लिहिले आहेस, आणि हा मधुमेह असेल का, असे विचारले आहेस. शंका रास्त आहे, कारण बुटक्या हॅमस्टरांमध्ये, विशेषतः कॅम्पबेल जातीत आणि तिच्या संकरात, हा आजार आढळतो. परंतु मूत्रपिंडाचा विकार, वाढून वाकडे झालेले पुढचे दात, आतड्यातले परजीवी, पोटातली गाठ किंवा निव्वळ वय यांमुळेही वजन उतरते, आणि यांतल्या काही आजारांत पाणीही वाढते. म्हणून साखरच आहे असे धरून घरी उपचार सुरू करू नकोस. डॉक्टरकडे जायचे आहे आणि तेही या दोन-तीन दिवसांतच. ४० ग्रॅमच्या प्राण्याचे ४ ग्रॅम कमी होणे म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ६ किलो कमी होणे आहे. तो थरथरू लागला, अंगाला गार लागला, हाक मारून उठेना, किंवा त्याच्या अंगाला नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा वास येऊ लागला, तर दोन दिवसही थांबू नकोस. त्याला मऊ कापडात ऊब देऊन त्याच दिवशी नीघ.

आयुष्याची तीस वर्षे मी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काढली असल्यामुळे मी तुला जे खात्रीने शिकवू शकते ते म्हणजे नोंदी कशा ठेवाव्यात. हॅमस्टर बोलत नाही आणि तपासणीच्या टेबलावर तो भीतीने गोठून बसतो, त्यामुळे त्याच्या रात्री कशा जातात हे डॉक्टरांना तुझ्या वहीवरूनच कळणार आहे. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा घे, त्यावर एक वाडगा ठेवून काटा शून्यावर आण आणि रोज संध्याकाळी तो उठल्यावर, खाणे घालण्यापूर्वी, एकाच वेळी वजन कर. पाणी मोजण्यासाठी एकसारख्या दोन बाटल्या घे. एक पिंजऱ्यात लाव आणि दुसरी त्याच्या आवाक्याबाहेर तशीच उलटी टांग. दुसरीतून जितके पाणी गळेल तितके पहिलीतल्या घटीतून वजा कर, म्हणजे खरे प्यायलेले पाणी उरते. निरोगी हॅमस्टर दिवसाला शरीराच्या दर १०० ग्रॅममागे साधारण १० मिलिलिटर पाणी पितो, म्हणजे तुझ्या हॅमस्टरला ४-५ मिलिलिटर पुरायला हवे. रिकाम्या वाटीवर मात्र विश्वास ठेवू नकोस, कारण हा प्राणी गालाच्या पिशव्यांत भरून नेतो आणि घरट्यात साठवतो. घरट्याखाली दाण्यांचा ढीग सापडला तर त्याची भूक चांगली आहे असे म्हणता येणार नाही, आणि मग दातांकडे आधी पाहावे लागेल.

लघवीची तपासणी तुला घरी करता येईल. केमिस्टकडे साखर आणि कीटोन (शरीराला साखर वापरता येत नाही आणि ते चरबी जाळू लागते तेव्हा तयार होणारे पदार्थ) दोन्ही दाखवणाऱ्या पट्ट्यांची डबी मिळते. आपल्याकडच्या दमट हवेत, पावसाळ्यात तर फारच, या पट्ट्या लवकर खराब होतात, म्हणून पट्टी काढताच झाकण घट्ट लाव आणि जुनी उघडी डबी कोणी दिली तर घेऊ नकोस. स्टीलचा डबा साध्या पाण्याने खळखळून धुऊन कोरडा कर. ब्लीचचा अंश राहिला तर पट्टी खोटी साखर दाखवते, आणि फळाचा कण राहिला तरीही तेच होते. संध्याकाळी उठल्याबरोबर त्याला त्या डब्यात काही मिनिटे ठेव, तो बहुधा लघवी करतोच. त्या ताज्या थेंबात पट्टी टेकव आणि डबीवर लिहिलेल्या सेकंदांनीच रंग जुळवून पाहा, कारण उशिरा पाहिलेला रंग दिशाभूल करतो. भुशातून उचललेली लघवी चालणार नाही. लघवीत साखर मुळीच नसावी, परंतु नुसत्या धास्तीनेही ती लघवीत तात्पुरती येऊ शकते, म्हणून एका पट्टीवर निकाल न लावता दुसऱ्या दिवशी पुन्हा तपास. साखरेबरोबर कीटोनचाही रंग आला तर मात्र पुढच्या पट्टीची वाट पाहू नकोस.

या काळात त्याचे पाणी कमी करू नकोस. जास्त पितो म्हणून बाटली काढून घेणे ही चूक मी चांगल्या, प्रेमळ घरांतही पाहिली आहे. मधुमेह असेल तर शरीर साखरेबरोबर पाणी बाहेर टाकत असते आणि ते भरून निघाले नाही तर प्राणी काही तासांत खालावतो. उपाशीही ठेवू नकोस. केळे, सफरचंद, गाजर, मका आणि मधाच्या कांड्या आजपासून बंद कर, आणि उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा नखाएवढा तुकडा दे. नेहमीचे दाणे एकदम बदलू नकोस. ओआरएस पाजण्याचा सल्ला कोणी देईल, परंतु आपल्या ओआरएसमध्ये ग्लुकोज असते, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते देऊ नकोस.

आता डॉक्टरांविषयी. मुंबईत कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, परंतु हॅमस्टर नियमित पाहणारे डॉक्टर मोजके आहेत आणि ते स्वतःला एक्झॉटिक प्राण्यांचे डॉक्टर म्हणवतात. परळला १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच परिसरात प्राण्यांचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, तिथून चौकशी सुरू कर. कुठेही जाण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचार : डॉक्टर स्वतः हॅमस्टर तपासतात का, त्यांनी शेवटचा कधी तपासला, आणि एका थेंबावर रक्तातली साखर पाहण्याची सोय आहे का. तुझ्या हॅमस्टरच्या शरीरात सगळे मिळून जेमतेम ३ मिलिलिटर रक्त आहे, त्यामुळे सुईने रक्त ओढण्याची भाषा कोणी सहज केली तर सावध हो. डॉक्टर महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदलेले असावेत, हे वेगळे सांगायला नको.

एक गोष्ट लिहिताना मला अजूनही त्रास होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या हॅमस्टरच्या गालावर सूज आली आणि मी त्याला घराजवळच्या एका दवाखान्यात नेले. तिथे कुत्र्याच्या पिल्लाला देतात तेच अमॉक्सिसिलिनचे औषध थेंबांनी द्यायला सांगितले आणि मी, तीस वर्षे औषधांच्या शेजारी बसलेली बाई, प्रश्न न विचारता ते दिले. चौथ्या दिवशी तो जुलाबाने गेला. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन ही औषधे हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात, मग क्लोस्ट्रिडियम वर्गातले जंतू माजून विष तयार करतात आणि प्राणी दगावतो. ही पाच नावे वहीच्या पहिल्या पानावर लिही आणि चिठ्ठी हातात आली की डॉक्टरांसमोरच ताडून पाहा. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही. स्टेरॉइड दिले तर तेही विचार, कारण त्याने साखर वाढते.

जाताना पिंजरा धुऊ नकोस. जुना भुसा, लेंड्या आणि ओला कोपरा यांचे फोटो घे, आणि थोडा भुसा प्रवासाच्या डब्यात घाल म्हणजे त्याला स्वतःचा वास सोबत राहील. बाटली हिंदकळून गळते, त्याऐवजी काकडीची चकती ठेव. भांडुपहून लोकलने येणार असशील तर गर्दीची वेळ टाळ. डबा उन्हात येणार नाही असा मांडीवर धर, कारण ३० अंशांच्या वर या प्राण्याला उष्माघात होऊ शकतो.

मधुमेह निघालाच तर बहुधा आहार बदलण्यावर भर राहील. एवढ्या लहान देहात इन्सुलिनचा डोस किंचित चुकला तरी साखर धोकादायक उतरते, म्हणून ते सहसा टाळतात. बुटक्या हॅमस्टरचे आयुष्य दीड-दोन वर्षांचे असते आणि तुझा सव्वा वर्षाचा आहे. बाबा म्हणाले की प्राण्याच्या किमतीपेक्षा तपासणीची फी जास्त आहे. त्यांच्याशी भांडू नकोस, वही त्यांना दाखव. त्याला तू घरी आणलेस आणि त्याचे पाणी, दाणा, भुसा सगळे तुझ्या हातून त्याला मिळते, तेव्हा त्याची तपासणीही तुझ्याच माथी आहे, असे मला मनापासून वाटते. फीचे जमत नसेल तर मला संकोच न करता सांग.

आज संध्याकाळी वजन कर आणि रात्री मला आकडा कळव. शनिवारी मी परळच्या बाजूला असेन, तेव्हा सोबत येईन.

तुझी,
मावशी