अंत्युखियातले एक वर्ष

प्रिय मुली,

सप्रेम जय ख्रिस्त.

तुझे तीन पानी पत्र मंगळवारी मिळाले. नोकरीचा राजीनामा लिहून तयार आहे, त्यावर फक्त तारीख घालायची राहिली आहे, दानासाठी क्यूआर कोडसुद्धा काढून ठेवला आहे, आणि परप्रांतात जाऊन सुवार्ता सांगण्याचे देवाचे पाचारण इतके स्पष्ट असताना आणखी थांबायचे कशासाठी, असे तू विचारतेस. तुझ्या पाचारणाविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु पत्र दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकली, ती अशी की त्यात ‘मी’ पानोपानी आहे आणि ‘मंडळी’, म्हणजे आपल्या चर्चचे विश्वासणारे, मात्र एकदाही नाही. म्हणून हे उत्तर लांबणार आहे. ते रागाने लिहिले आहे असे समजू नकोस.

पहिल्या शतकातले विश्वासणारे सर्व सोडून निघाले, असा दाखला तू दिला आहेस. ते खरेच निघाले. पण कसे निघाले हे पाहण्यासाठी नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा अकरावा अध्याय एकोणिसाव्या वचनापासून सावकाश वाच. स्तेफनाला दगडमार करून ठार केल्यानंतर यरुशलेमेत जो छळ सुरू झाला, त्यामुळे पांगलेली माणसे फेनिके, कुप्र आणि अंत्युखिया इथपर्यंत गेली. त्यांना कोणी पाठवले नव्हते. जीव वाचवण्यासाठी ती घरदार टाकून पळाली होती. वाटेत त्यांनी वचन सांगितले ते फक्त यहूद्यांना. मात्र मूळच्या कुप्र आणि कुरेने इथल्या काही जणांनी अंत्युखियात आल्यावर ग्रीक लोकांशीही बोलायला सुरुवात केली, आणि पुष्कळांनी विश्वास ठेवला. ज्यांनी हे केले त्यांच्यापैकी एकाचेही नाव हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकाने दिलेले नाही. यापोतल्या कातडी कमावणाऱ्याचे नाव देणारा, दिमिष्कातल्या रस्त्याचेही नाव सांगणारा हा लेखक इथे नुसते ‘काही जण’ म्हणून पुढे जातो, याचे मला दर वाचनाला नवल वाटते. अंत्युखिया म्हणजे काही खेडे नव्हते. ओरोंतेस नदीकाठचे हे शहर सिरिया प्रांताची राजधानी होते, आणि साम्राज्यात रोम व आलेक्सांद्रिया यांच्या खालोखाल त्याची गणना होत असे. आज ते तुर्कस्तानातले अंताक्या आहे. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात ते बहुतांश जमीनदोस्त झाले आणि तिथल्या मूठभर ख्रिस्ती कुटुंबांचे चर्चही कोसळले.

ही बातमी यरुशलेमेस पोचली तेव्हा तिथल्या मंडळीने बर्णबाला पाठवले. निवड विचारपूर्वक केलेली दिसते, कारण बर्णबा स्वतः कुप्रचा होता आणि ज्यांनी हा नवा उद्योग आरंभला त्यांच्यातही कुप्रचे लोक होते. तो तपासणीला आला होता, असे म्हटले तरी चालेल. लूक सांगतो की त्याने देवाची कृपा पाहिली आणि त्याला आनंद झाला. दुसऱ्याने, तेही आपल्याला न विचारता, सुरू केलेले काम पाहून आनंद होणे ही किती अवघड गोष्ट आहे, हे तुला दोन-चार वर्षे सेवेत काढल्यावर कळेल. मला ते चांगलेच ठाऊक आहे, आणि त्याचा मला अभिमान नाही.

यानंतर बर्णबाने जे केले त्यासाठीच मी हे पत्र लिहीत आहे. तो शौलाला, म्हणजे पुढे पौल म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाला, शोधण्यासाठी तार्सास गेला. शौलाला प्रभूने दिमिष्काच्या वाटेवर बोलावले होते, त्याचे पाचारण तुझ्या-माझ्यापेक्षा नक्कीच स्पष्ट होते. तरीही त्याच्या जिवावर उठलेल्या लोकांपासून वाचवण्यासाठी बांधवांनी त्याला तार्सास रवाना केल्यानंतर कित्येक वर्षे कृत्यांच्या पुस्तकात त्याचे नाव येत नाही. पूर्वी छळ करणारा म्हणून इतर सर्व जण त्याला भीत होते तेव्हा त्याचा हात धरून प्रेषितांपुढे नेणारा बर्णबाच होता, आणि आता हाताशी एवढे मोठे काम असताना त्या माणसाची आठवण झाली तीही बर्णबालाच. अंत्युखिया ते तार्स हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये डोंगराची खिंड. म्हणजे पुण्याहून नाशिकपर्यंत चालत जाण्यासारखेच झाले. वाढत्या मंडळीचा पुढारी आपले व्यासपीठ सोडून इतका प्रवास करतो, तो एका माणसासाठी. आणि आणतो कोणाला, तर आपल्यापेक्षा अधिक विद्वान, अधिक धारदार, पुढे आपल्याला झाकोळून टाकील अशा माणसाला.

मग त्या दोघांनी पूर्ण एक वर्ष मंडळीत राहून पुष्कळ लोकांना शिकवले. त्या वर्षाचा अहवाल लूकाने एका वाक्यात संपवला आहे. कोणता चमत्कार झाला, किती बाप्तिस्मे झाले, यांपैकी काहीच त्यात नाही. एवढेच आहे की शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्याने अंत्युखियात मिळाले. हे नाव त्यांनी स्वतः घेतलेले नसावे. एखाद्या पुढाऱ्याच्या पक्षातल्या लोकांना ओळखायला लॅटिन वळणाचा प्रत्यय लावून जसे शब्द बनत, तसा हा शब्द आहे, आणि तो शहरातल्या बाहेरच्या लोकांनी पाडलेला दिसतो. संपूर्ण नव्या करारात तो केवळ तीन वेळा येतो, तर ‘शिष्य’ हा शब्द अडीचशेहून अधिक वेळा येतो. शिष्य म्हणजे शिकणारा. आणि अंत्युखियातले हे लोक शिकत असतानाच शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेत भरण्याइतके वेगळे दिसू लागले, याचा अर्थ त्यांचे शिकणे चार भिंतींत राहिले नव्हते. क्लौद्य कैसराच्या काळात दुष्काळ पडला तेव्हा याच नव्या मंडळीने, प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे, यहूदीयातल्या बांधवांना मदत पाठवली, हेही त्याच अध्यायात आहे.

आता तेरावा अध्याय उघड. तिथे अंत्युखियातल्या शिक्षकांची पाच नावे आहेत. बर्णबा पहिला, शौल शेवटचा; मध्ये निग्र म्हटलेला शिमोन, कुरेनेचा लूक्य, आणि मांडलिक राजा हेरोदाबरोबर वाढलेला मनाएन. राजवाड्यात वाढलेला आणि राजवाड्याबाहेर वाढलेला, असे सगळे एकाच बाकावर. ते उपासना आणि उपास करत असता पवित्र आत्मा बोलला, आणि तो शौलाच्या एकट्याच्या कानात बोलला नाही, मंडळीला ऐकू येईल असा बोलला. मंडळीने पुन्हा उपासप्रार्थना केली, दोघांवर हात ठेवले आणि आपल्यातले दोन उत्तम शिक्षक सोडून दिले. पाचारण आणि पाठवणी यांच्यामध्ये शौलाची अशी बरीच वर्षे गेली. सफर संपल्यावर ते दोघे पुन्हा अंत्युखियासच आले, मंडळीला एकत्र जमवून झालेले सर्व सांगितले, आणि तिथेच बराच काळ राहिले. हिशेब कोणाला द्यायचा हे त्यांना ठाऊक होते. तू निघालीस तर परत येऊन कोणाला सांगशील, हे मला तुझ्या पत्रात सापडले नाही.

अंत्युखियाची मंडळी आदर्श होती असे मात्र मनात धरू नकोस. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल जो प्रसंग सांगतो तो याच शहरातला आहे. पेत्र तिथे परराष्ट्रीय बांधवांबरोबर जेवत होता. यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसे आली तेव्हा भीतीने तो हळूहळू मागे सरला आणि वेगळा बसू लागला. इतर यहूदीही तसेच वागू लागले, आणि पौलाच्या लेखणीतून दुखावलेले एक वाक्य येते, की बर्णबासुद्धा त्या ढोंगाने ओढला गेला. बर्णबासुद्धा! सिद्धांत कोणी बदलला नव्हता, उपदेश तोच होता, फक्त ताट उचलून दुसरीकडे नेले गेले. मराठीत या प्रकाराला पंक्तिभेद असा चोख शब्द आहे, त्यामुळे हा अध्याय आपल्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही. पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला अडवले, कारण त्या जेवणाच्या पंक्तीतच सुवार्ता खरी की खोटी हे ठरत होते.

मी तुझ्या वयाचा असताना एका खेड्यातल्या मंडळीत मदतनीस होतो. नाताळानंतरच्या प्रीतिभोजनाला अंगणात दोन पंगती बसल्या. कोणी तसे सांगितले नव्हते, तरी एका पंगतीत तीन पिढ्यांची जुनी ख्रिस्ती घराणी बसली आणि दुसऱ्या पंगतीत वस्तीवरची, त्याच वर्षी बाप्तिस्मा झालेली कुटुंबे. यजमानांनी माझा हात धरून मला पहिल्या पंगतीत बसवले आणि मी बसलो. समोरची एक म्हातारी बाई आपले वाढलेले ताट उचलून उठली, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेतला, अंगण ओलांडून पलीकडच्या पंगतीत मांडी घालून बसली आणि तिने वाढणाऱ्या मुलाकडे आणखी रस्सा मागितला. ती कोणाला काही बोलली नाही. त्या सकाळी मी कोणत्या वचनावर संदेश दिला होता ते आज आठवत नाही. पण तिच्या ताटाच्या काठावर कोरलेले नाव, आणि ती वळली तेव्हा त्यावर पडलेले ऊन, अजून डोळ्यांपुढे आहे. मी मात्र जागचा उठलो नाही.

याची दुसरी बाजूही आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्या आपले सोवळे आणि वेगळी चूल सांभाळूनच राहिल्या, आणि टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. त्या स्वतःच्या पावलांनी आणि स्वतःच्या विचाराने आल्या. पौलाने पेत्राला अडवले ते पेत्र शिकवणारा होता म्हणून. जो अजून वाटेवर आहे त्याला ओढायचे नसते. हा फरक ज्याला कळत नाही त्याने गावोगाव फिरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्यूआर कोडाविषयी दोन शब्द. ‘दिदाखे’ नावाची एक अगदी जुनी शिकवण आहे, जिची हस्तलिखित प्रत सापडून ती १८८३ मध्ये छापली गेली. फिरत्या प्रेषितांविषयी तिचे नियम ऐकण्याजोगे आहेत. आलेल्याचा प्रभूसारखा स्वीकार करा; त्याने एक दिवस राहावे, गरज पडल्यास दुसराही; तिसऱ्या दिवशी राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. ज्याला वस्तीला राहायचे असेल त्याने आपला धंदा करून खावे. मंडळीत राहून शिकवणारा खरा शिक्षक आपल्या अन्नाला पात्र आहे, असेही तीच शिकवण पुढे म्हणते, तेव्हा मी तुला उपाशी राहायला सांगत नाही. करिंथात पौल अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू करत होता, आणि फिलिप्पैकरांनी पाठवलेली मदतही त्याने कृतज्ञतेने घेतली. पण ती मदत त्याला ओळखणाऱ्या, त्याच्यासाठी प्रार्थना करणाऱ्या मंडळीकडून आली होती. अनोळखी माणसाच्या मोबाइलवर कोड पाठवणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तो तू तूर्त बाजूला ठेवावास.

प्रिस्किल्लेचे नाव आलेच आहे, तर तिच्याकडेही पाहा. अपुल्लो इफिसात आला तेव्हा वक्ता म्हणून उत्तम होता, पण त्याला योहानाच्या बाप्तिस्म्यापलीकडचे ठाऊक नव्हते. तिने आणि अक्विलाने सभास्थानात उभे राहून त्याची चूक काढली नाही. त्याला आपल्याकडे नेले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. दोघेही हाताने काम करून पोट भरणारी होती. तुझ्या नोकरीमुळे सेवा अडते असे तू म्हणतेस, त्याला माझ्याकडे याहून चांगले उत्तर नाही.

कृत्यांच्या पुस्तकातला बर्णबाचा शेवटचा उल्लेख दुःखद आहे. योहान मार्क पहिल्या सफरीत पर्गे इथून परत गेला होता. दुसऱ्या वेळी त्याला बरोबर घ्यावे असे बर्णबा म्हणाला, पौल नको म्हणाला, आणि वाद इतका तीव्र झाला की दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन तारवाने कुप्रास गेला, आणि कृत्यांच्या पुस्तकातून तो तिथेच दिसेनासा होतो. पुढची कथा पौलाची आहे. परंतु तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, बंदीत असलेला पौल मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे, असे लिहितो. मधल्या वर्षांत कुप्रावर बर्णबाने त्या मुलाबरोबर काय केले हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

तुझ्या पत्राच्या दुसऱ्या पानावर तळाशी एक ओळ आहे: तरुण संघातला तो मुलगा गेल्या पावसाळ्यापासून उपासनेला येत नाही, त्याचे कोणाशी तरी वाजले होते. तू ती ओळ लिहिलीस आणि पुढच्या परिच्छेदात परप्रांताच्या नकाशाकडे वळलीस. येत्या रविवारी त्याच्या घरी जा. फोन करू नकोस, संदेश पाठवू नकोस, जा. आणि त्याची आई चहा टाकील तेव्हा घाई आहे म्हणून उठू नकोस. नंतर हे माझे पत्र पाळकसाहेबांना दाखव आणि वर्षभर त्यांच्या हाताखाली काय करता येईल ते त्यांनाच विचार. त्यांच्याविषयी तुझी एक-दोन गाऱ्हाणी आहेत हे मला ठाऊक आहे. तीही त्यांना समोर बसून सांग.

राजीनाम्याचा कागद फाडू नकोस. तो बायबलमध्ये अकराव्या अध्यायापाशी ठेव. पुनरुत्थानाच्या सणानंतर मी तिकडे येणार आहे, तेव्हा तो तेराव्या अध्यायापर्यंत सरकला आहे का, ते आपण पाहू. आणि सरकला असेल तर तुझ्यावर हात ठेवणाऱ्यांत माझाही एक असेल.

घरी सर्वांना सलाम सांग.

प्रभूमध्ये तुझा,
काका