ठाणे शहराच्या वागळे इस्टेटमधील कार्यालयात दुरुस्ती चालू असताना कर्मचाऱ्यांनी गैरसोय कुठवर सोसावी?
कीबोर्डवर प्लास्टरची धूळ साचते, स्वच्छतागृहासाठी दोन मजले उतरावे लागतात आणि व्यवस्थापक ‘थोडं सांभाळून घ्या’ म्हणतात, ही आपली तक्रार रास्त आहे. वीस किंवा अधिक (२०२५ च्या दुरुस्तीपूर्वी दहा) कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होणाऱ्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार स्वच्छता, उजेड, खेळती हवा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह पुरवणे ही मालकाची जबाबदारी असून दुरुस्तीच्या सबबीवर ती टळत नाही. नुसत्या आवाजावरून वाद घातल्यास तो रेंगाळतो. त्यापेक्षा तारीखवार नोंदी व छायाचित्रे जोडून सर्वांच्या सह्यांचा अर्ज द्यावा, तोडफोड कार्यालयीन वेळेनंतर करण्याची मागणी करावी आणि अर्जाची पोच घ्यावी. परस्पर गैरहजर मात्र राहू नये (पगारकपातीचा वाद सुरू झाला की धूळ सगळे विसरतात). दाद न मिळाल्यास ठाण्यातील कामगार उपायुक्त कार्यालयात तक्रार करता येते.