गोठतं ते पाणी

प्रश्न थोडक्यात असा: फ्रीझरमध्ये विसरलेला बिअरचा कॅन दगड झाला, वाइनचा चिखल झाला आणि त्यांच्याच शेजारी ठेवलेल्या व्होडकातही बर्फाच्या सुया दिसल्या. अल्कोहोल घरच्या फ्रीझरमध्ये गोठत नाही म्हणतात, मग व्होडकात भेसळ आहे का?

ऐकलेलं खरं आहे, पण अर्धंच. शुद्ध इथेनॉल, म्हणजे मद्यातलं अल्कोहोल, गोठतं उणे ११४ अंश सेल्सिअसला. घरचा फ्रीझर असतो उणे १८ च्या आसपास, म्हणजे इथेनॉलच्या हिशेबाने तिथे अजून उन्हाळाच आहे. म्हणून तर पारा ज्या थंडीत, उणे ३९ च्या सुमारास, गोठून बसतो तिथे अल्कोहोलचे तापमापक वापरतात. पण बाटलीत इथेनॉल एकटं नसतं. बिअर बहुतांशी पाणीच, वाइनही तशीच, आणि ४० टक्क्यांच्या व्होडकातसुद्धा निम्म्याहून जास्त पाणी. गोठतं ते हे पाणी. अल्कोहोल त्याच्या वाटेत आडवं येतं, एवढंच.

पाण्याचा बर्फ होतो तेव्हा त्याचे रेणू एका ठरावीक जाळीत रचले जातात. त्या रचनेत इथेनॉलला जागा नाही. द्रवात जितके परके रेणू जास्त, तितकं पाण्याला एकत्र यायला अवघड, आणि तितकी जास्त थंडी लागते. फ्रेंच शास्त्रज्ञ राऊल्ट यांनी १८८२ च्या सुमारास याचे नियम मांडले. एक किलो पाण्यात ४६ ग्रॅम इथेनॉल मिसळलं की गोठणबिंदू साधारण १.८६ अंशांनी उतरतो. मिश्रण पातळ असेपर्यंत हा हिशेब चांगला चालतो. पाच टक्क्यांची बिअर उणे २ ते अडीचला गोठायला लागते, बारा-तेरा टक्क्यांची वाइन उणे ५-६ ला. २० टक्क्यांना उणे ९, ३० टक्क्यांना उणे १५, आणि ४० टक्क्यांना उणे २३ किंवा त्याहूनही खाली जावं लागतं. साखर आणि इतर विरघळलेल्या गोष्टींमुळे यात थोडा फरक पडतो.

आता 'गोठायला लागते' आणि 'गोठते' यांत जो फरक आहे, खरी गंमत तिथे आहे. साधं पाणी शून्यावर आलं की गोठत जातं आणि पूर्ण गोठेपर्यंत शून्यावरच राहतं. मद्याचं तसं नाही. आधी बर्फ धरतो तो जवळजवळ निव्वळ पाण्याचा. त्यामुळे उरलेला द्रव आधीपेक्षा कडक होतो. कडक झाला म्हणून त्याचा गोठणबिंदू आणखी खाली जातो. मग अजून थंडी, अजून थोडा बर्फ, उरलेला द्रव अजून कडक. हे चालतं ते द्रवाचा गोठणबिंदू फ्रीझरच्या तापमानाशी जुळेपर्यंत. उणे १८ ला ही जुळणी होते अल्कोहोल ३३ टक्क्यांच्या आसपास पोचलं की.

या एका आकड्यावरून तुमच्या तिन्ही बाटल्यांचं कोडं सुटतं. पाच टक्क्यांच्या बिअरमधलं सगळं अल्कोहोल ३३ टक्क्यांच्या द्रवात मावायचं, तर तो द्रव मूळच्या सातव्या हिश्श्याएवढाच उरतो. बाकी सगळा बर्फ, म्हणून कॅन दगडासारखा लागतो. वाइनमध्ये तिसऱ्या हिश्श्याहून जास्त द्रव शिल्लक राहतो, म्हणून चिखल. आणि ४० टक्क्यांची व्होडका आधीच त्या रेषेच्या पलीकडे असल्याने तिच्यात बर्फ धरायला नको.

मग तुमच्या व्होडकात तो का धरला? लगेच भेसळीवर जाऊ नका. आधी लेबल वाचा. स्वाद घातलेल्या बऱ्याच व्होडका ४० टक्क्यांहून कमी असतात, आणि ३० टक्क्यांची असेल तर उणे १८ ला बर्फ धरणारच. दुसरं, फ्रीझरचं तापमान सगळीकडे सारखं नसतं. थंडावा देणारी पट्टी किंवा मागची भिंत उणे २५ च्याही खाली जाऊ शकते आणि तिला टेकलेल्या बाटलीत सुया दिसतात. झटपट गोठवण्याचं बटण चालू राहिलं असेल तरी तेच. बाटली भिंतीपासून दूर ठेवून एक दिवस थांबा, शेजारी तापमापक ठेवा. लेबलवर ४० लिहिलंय, तापमापक उणे १८ दाखवतोय आणि तरीही भरपूर बर्फ, असं झालं तर पाणी जास्त आहे अशी शंका रास्त. पण फ्रीझरचा निकाल पुरावा म्हणून धरू नका. खात्री करायची तर अल्कोहोल मोजायचा हायड्रोमीटर लागतो, आणि तोही ठरलेल्या तापमानालाच वापरायचा. उलट, बर्फ धरला नाही म्हणजे बाटली चांगली, असं तर मुळीच समजू नका. मिथेनॉल हे विषारी अल्कोहोलसुद्धा या थंडीत गोठत नाही.

बिअरबाबत मात्र मी कडक आहे: फ्रीझरमध्ये ठेवायचीच असेल तर मोबाइलवर गजर लावून, अर्ध्या तासाचा. पाण्याचा बर्फ झाला की तो सुमारे ९ टक्के जास्त जागा मागतो. शिवाय विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही बर्फात मावत नाही, तो उरलेल्या जागेत दाब वाढवतो. कॅनचा तळ आधी फुगतो, मग शिवण सुटते. काचेची बाटली फुगत नाही, सरळ फुटते. एका रात्री असाच आवाज ऐकून मी उठलो, आणि फ्रीझरच्या भिंतींवरून बिअरचा बर्फ खरवडण्यात पुढचा तासभर गेला. फुटलेल्या बाटलीतली बिअर गाळून प्यायचा मोह होतो, पण काचेचे बारीक कण गाळणीत अडकतीलच असं नाही. टाकून द्या.

कधी उलटंही होतं: बाटली बाहेर काढली तेव्हा आत सगळं पातळ, आणि झाकण उघडताच डोळ्यांदेखत बर्फ. बिअर गोठणबिंदूच्या खाली गेली होती, पण पहिला स्फटिक धरायला निमित्त मिळालं नव्हतं. झाकण उघडलं, दाब उतरला, बुडबुडे सुटले, तेच निमित्त झालं.

न फुटता गोठलेली वाइन फेकू नका. बाटली सावकाश वितळू द्या आणि सगळा बर्फ गेल्यावर हलकेच उलटसुलट करून मगच ओता. अर्धवट वितळलेल्या बाटलीतला पहिला पेला दिसतो वाइनसारखा, पण त्याची ताकद कितीतरी जास्त असते. तळाशी काचेसारखे खडे दिसले तर ते टार्टरेटचे, म्हणजे वाइनमधल्याच आम्लाच्या क्षाराचे, निरुपद्रवी. क्रीम घातलेले लिक्युअर (गोड मद्य) मात्र गोठून त्यांतली क्रीम वेगळी झाली की पुन्हा एकजीव होत नाहीत.

हाच गुण वापरून बर्फ काढून टाकत मद्य कडक करण्याची रीत जुनी आहे. जर्मनीतली आइसबॉक बिअर तशीच होते. घरी आंबवलेल्या मद्यावर हा प्रयोग मी करणार नाही. ऊर्ध्वपातनात काही नको ते घटक वेगळे काढता येतात. गोठवण्यात फक्त पाणी जातं आणि बाकीचं सगळं तिथेच दाट होत राहतं.

बिअर थंड करायची घाईच असेल तर फ्रीझरपेक्षा बादली बरी. बर्फ, बर्फ बुडेल इतकं पाणी आणि दोन-तीन मुठी मीठ; कॅन त्यात अधूनमधून फिरवत राहा, दहा-पंधरा मिनिटांत थंडगार होतो. गार पाणी कॅनला सगळीकडून भिडतं, फ्रीझरमधली हवा तेवढ्या झपाट्याने उष्णता ओढू शकत नाही. पण मिठामुळे हे पाणीही शून्याच्या बरंच खाली जातं, त्यामुळे कॅन त्यात विसरलात तर पुन्हा तीच कथा. आणि उघडण्याआधी कॅनची कड पुसून घ्या, नाहीतर पहिला घोट खारट लागतो.